फेसलिफ्ट करायचं ठरवताय? पहिली रात्र आणि पुढचे पंधरा दिवस आधी समजून घ्या

प्रश्न असा आहे : वय ५७. गेल्या चार-पाच वर्षांत गाल खाली उतरले, जबड्याची कड पुसट झाली, मानेवर दोन उभ्या दोऱ्या दिसू लागल्या. तब्येत चांगली, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. फेसलिफ्ट करायचा विचार पक्का होत आलाय. पण किती दुखेल, किती दिवस घरात बसावं लागेल, चेहरा ओढल्यासारखा दिसणार नाही ना आणि केलेलं किती वर्षं टिकेल, हे नीट कुणी सांगत नाही.

मी प्लास्टिक सर्जन आहे आणि वीसहून अधिक वर्षं ही शस्त्रक्रिया करते आहे. तुमचे चारही प्रश्न रास्त आहेत. उत्तर थोडं लांबेल, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पेशंट मला नंतर सांगतात.

माझ्यासमोर बसलेली जवळजवळ प्रत्येक व्यक्ती एक गोष्ट हमखास करते. दोन्ही हातांची बोटं कानापुढे टेकवते, गालाची कातडी वर आणि मागे ओढते, आरशात बघते आणि म्हणते, “डॉक्टर, एवढंच हवंय.” तुम्हीही हे घरी केलं असेल. त्यातून तुम्हाला काय हवंय ते मला कळतं, पण शस्त्रक्रिया तशी होत नाही. बोटांनी तुम्ही फक्त कातडी ओढता. आम्हाला कातडीखालचा थर उचलायचा असतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही शस्त्रक्रिया सुरू झाली तेव्हा खरोखर कातडीच ओढत. कानापुढची थोडी कातडी कापायची, उरलेली ताणून शिवायची. कातडी मुळात ताणली जाणारी गोष्ट आहे. तिच्यावर भार टाकला की काही महिन्यांत ती पुन्हा सैल पडते, आणि तोवर टाक्यांच्या रेषा रुंद होतात, कानाची पाळी खाली खेचली जाते, तोंडाचे कोपरे कानाकडे ओढल्यासारखे दिसतात. तुम्हाला ज्या ‘ओढलेल्या’ चेहऱ्याची भीती वाटते तो असा तयार होतो. १९७४ मध्ये स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी कातडी आणि तिच्याखालचा थर एकत्र उचलण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जनांनी त्या थराची रचना नीट वर्णन केली आणि त्याला ‘स्मास’ हे नाव मिळालं. चेहऱ्याच्या हावभावांच्या स्नायूंना जोडणारा हा पातळ पण चिवट पडदा आहे आणि तो खाली मानेच्या प्लॅटिस्मा स्नायूशी सलग असतो. वय वाढतं तसा हा पडदा आणि त्याच्यासोबतची चरबी घसरते. कातडीला हाडाशी जखडून ठेवणारे काही बंध असतात. त्या बंधांशी ती अडते आणि जबड्याच्या कडेवर लोंबणारा फुगवटा दिसतो. आज आपण तो पडदा उचलतो, टाके घालून नव्या जागी बसवतो आणि कातडी त्यावर फक्त अंथरतो. उरलेली कातडी कापायची ती ताण न देता. भार सगळा आत, कातडीवर जवळपास शून्य. चेहरा नैसर्गिक दिसणं आणि केलेलं टिकणं या दोन्ही गोष्टी यावर ठरतात.

‘डीप प्लेन’ हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. त्यात स्मासच्या खाली शिरून ते बंध सोडवतात आणि कातडी व पडदा एकत्रच सरकवतात. १९९० मध्ये सॅम हॅमरा यांनी ही पद्धत या नावाने मांडली. काही सर्जन पडदा दुमडून शिवतात, काही त्याची पट्टी काढून कडा जोडतात. निष्णात हातात या सगळ्या पद्धतींचे उत्तम निकाल येतात. एकच पद्धत प्रत्येक चेहऱ्यासाठी सरस, असं तुलना करणाऱ्या अभ्यासांतून ठरलेलं नाही. म्हणून पद्धतीच्या नावावर सर्जन निवडू नका. ‘मिनी’, ‘वीकएंड’, ‘जेवणाच्या सुट्टीत होणारी’ अशा नावांपासून तर लांबच राहा. छोटा छेद म्हणजे मर्यादित काम. पंचेचाळिशीत जबड्याची कड जरा मऊ झाली असेल तर ते पुरतं. तुमच्यासारख्या मानेवर दोऱ्या असतील तर पुरत नाही.

आता यातून काय मिळेल. फेसलिफ्टचं खरं क्षेत्र म्हणजे चेहऱ्याचा खालचा भाग आणि मान. जबड्याची कड पुन्हा दिसते, लोंबणारे फुगवटे जातात, हनुवटीखालचा आणि मानेचा कोन उघडतो. नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे येणारी घडी सौम्य होते, नाहीशी होत नाही. ती तरुणपणीच्या फोटोतही थोडी असतेच. कपाळ, भुवया, पापण्या या शस्त्रक्रियेत येत नाहीत. त्यांना वेगळी शस्त्रक्रिया लागते, गरज असेल तर सोबत करता येते. वरच्या ओठावरच्या बारीक उभ्या रेषा, डाग, उन्हाने खरखरीत झालेली कातडी यांवर फेसलिफ्टचा काहीच परिणाम होत नाही. कानशील आणि गाल आतून रिकामे झाले असतील तर उचलून ते भरत नाहीत. तिथे पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी भरावी लागते. ढोबळ अंदाज हवा असेल तर पाठीवर आडवं झोपा आणि आरसा चेहऱ्यासमोर धरा. घसरलेला भाग गुरुत्वाकर्षणाने मागे गेल्यावर जे दिसतं, त्यापासून निकाल फार लांब नसतो. तो चेहरा तुमचाच असतो, फक्त थकवा उतरलेला. आणि तेवढंच व्हायला हवं.

कातडीखाली धागे घालून केलेली लिफ्ट, उष्णतेची किंवा अल्ट्रासाऊंडची मशीन, फिलर (सुईने भरायचं जेल) यांबद्दलही विचारलं जातं. लवकरच्या टप्प्यावर त्यांचा थोडा उपयोग आहे. धाग्यांचा परिणाम साधारण वर्षभर, बऱ्याचदा त्याहून कमी टिकतो. घसरलेला गाल फिलर भरून उचलण्याच्या नादात चेहरा रुंद आणि जड होतो, हे मी सारखं बघते. यातलं काही तुम्ही आधी केलं असेल तर सर्जनला सगळं सांगा, अगदी आठ वर्षांपूर्वीचंही. वारंवार दिलेल्या उष्णतेने आणि धाग्यांनी आतले थर एकमेकांना चिकटतात. ते सोडवताना मज्जातंतू कुठे असेल याचा अंदाज मला आधी घ्यावा लागतो.

तयारी एक महिना आधी सुरू होते, आणि त्यातली सर्वांत मोठी गोष्ट तंबाखू. सिगारेट, व्हेप, तोंडात धरायची तंबाखू, निकोटिनचे च्युइंगगम किंवा पॅच, यातलं काहीही चालत नाही. शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे. यामागचं कारण सांगते. कातडी खालच्या थरापासून सुटी केली की तिला होणारा बराचसा रक्तपुरवठा तुटतो. ती गालाकडच्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगते, आणि कानामागचं टोक त्या पुरवठ्याच्या अगदी शेवटी असतं. निकोटिनने त्या वाहिन्या आक्रसतात. माझ्या एका पेशंटने ‘सोडली’ असं सांगितलं होतं, पण दिवसाला तीन-चार सिगारेट चालूच होत्या. चौथ्या दिवशी कानामागे रुपयाएवढा जांभळा डाग होता, दहाव्या दिवशी तो काळा पडला. जखम भरायला सात आठवडे लागले आणि तिथे रुंद, पांढरट व्रण राहिला. मी पेशंटवर रागावले नाही. राग माझा मलाच आला, कारण मी तोंडी उत्तरावर विसंबले होते. तेव्हापासून मी लघवीतल्या निकोटिनची तपासणी करूनच तारीख पक्की करते.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, फिश ऑइल, ई जीवनसत्त्व, गिंको या वनस्पतीच्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. त्या साधारण दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात. पण हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर दिलेली रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. ती लिहून देणारे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून ठरवायची ती गोष्ट आहे. तुमची रक्तदाबाची गोळीही चालूच ठेवा. शस्त्रक्रियेच्या सकाळी घ्यायची की नाही ते भूलतज्ज्ञ सांगतील. रक्तदाब कित्येक आठवडे नियंत्रणात असल्याची नोंद मला हवी असते. एका दिवसाचं चांगलं रीडिंग पुरत नाही. वजन कमी करायचं मनात असेल तर ते आधी करा आणि काही महिने स्थिर राहू द्या. नंतर दहा-बारा किलो उतरलं तर केलेलं काम पुन्हा सैल दिसतं. वजन कमी करण्याचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. त्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि भूल देताना ते धोक्याचं ठरतं.

केस रंगवत असाल तर शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी रंगवून घ्या. पुढे चार ते सहा आठवडे रंग लावता येणार नाही. केस आखूड असतील तर थोडे वाढू द्या, पहिल्या महिन्यात तेच टाके झाकतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही खुणा तुम्हाला बसवून करतो, कारण आडवं झाल्यावर सगळं मागे सरकतं. भूल पूर्ण असते किंवा गुंगी देऊन जागा बधिर केली जाते. दोन्ही प्रकार सुरक्षित आहेत, ते तब्येत आणि कामाचा आवाका बघून ठरतं. फक्त चेहरा आणि मान असेल तर तीन ते पाच तास, पापण्या वगैरे सोबत असतील तर अधिक. छेद कानशिलाजवळच्या केसांपासून सुरू होतो, कानाच्या पुढच्या नैसर्गिक घडीतून किंवा कानाच्या भोकासमोरच्या छोट्या उंचवट्याच्या आतल्या कडेने खाली येतो, पाळीला वळसा घालतो, कानामागच्या खाचेतून वर जातो आणि मागच्या केसांत शिरतो. मानेच्या दोऱ्यांसाठी हनुवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरचा आणखी एक छेद लागतो. तिथून प्लॅटिस्माच्या दोन कडा मध्यभागी एकमेकींना शिवतात. तुम्हाला तो लागेल. पुरुषांत दाढीची कातडी कानाच्या जवळ सरकते, कधी कानामागेही थोडी दाढी येते. हे त्यांना आधी सांगावंच लागतं.

आता त्या पहिल्या रात्रीबद्दल, जिच्याविषयी मी सर्वांत जास्त बोलते.

फेसलिफ्टमधली सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साठणं. शंभरात साधारण एक ते चार जणांना हे होतं, पुरुषांमध्ये प्रमाण बरंच जास्त, आणि बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत. रक्तदाब वाढणं, उलटी, जोराचा खोकला, शौचाला कुंथणं, वेदनेने तळमळणं ही त्याची नेहमीची कारणं. म्हणून आम्ही उलटी थांबवणारी औषधं आधीच देतो, रक्तदाब वारंवार मोजतो, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड वापरतो. साठणारं थोडं रक्त आणि पाणी बाहेर यावं म्हणून काही सर्जन बारीक नळ्या ठेवतात. त्या एक-दोन दिवसांत निघतात. मात्र नळी आहे म्हणून मोठा रक्तस्राव टळत नाही.

एक प्रसंग सांगते. शस्त्रक्रिया सुरेख झाली होती, संध्याकाळी पेशंट पाणी पिऊन झोपल्या. रात्री अकराच्या सुमाराला नर्सचा फोन आला : त्या अस्वस्थ आहेत, उजवा गाल दुखतोय म्हणतात, रक्तदाब १७० वर गेलाय. मी पोहोचले तेव्हा उजवीकडचं ड्रेसिंग दगडासारखं घट्ट लागत होतं. कापून बघितलं तर गाल जांभळा, फुगलेला आणि डाव्याच्या दीडपट. वीस मिनिटांत पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये. टाके उघडले, रक्ताच्या गुठळ्या काढल्या, झिरपणारी एक बारीक रक्तवाहिनी बंद केली, पुन्हा शिवलं. वर्षभरानंतर त्यांचे दोन्ही गाल सारखेच होते, कोणत्या बाजूला हे घडलं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. पण तेच सकाळपर्यंत तसंच राहिलं असतं तर आतल्या दाबाने वरची कातडी मेली असती. म्हणून पहिली रात्र रुग्णालयात किंवा प्रशिक्षित नर्सच्या देखरेखीखाली काढायची, असा माझा आग्रह असतो आणि त्यात मी तडजोड करत नाही. घरी आल्यावरही लक्षात ठेवा : एकाच बाजूला वाढत जाणारी वेदना आणि सूज दिसली तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा. श्वास घ्यायला त्रास वाटला तर थेट रुग्णालयात.

एरवी वेदना लोकांना वाटते त्याहून कमी असते. पेशंट ‘दुखतंय’पेक्षा ‘आवळलंय’ म्हणतात. मानेभोवती घट्ट कॉलर बांधल्यासारखं वाटतं, गिळताना जरा अडतं. पॅरासिटॅमॉल आणि पहिले दोन-तीन दिवस त्याहून थोडी जोरदार गोळी, एवढं बहुतेकांना पुरतं.

दुखण्यापेक्षा आरसा अवघड जातो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. चेहरा रुंद आणि चौकोनी दिसतो, डोळे बारीक होतात, कानाच्या पाळ्या फुगतात. दोन्ही बाजू सारख्या सुजत नाहीत, म्हणून चेहरा वाकडा वाटतो. हसायला गेलात तर ओठ नीट वर जात नाहीत. जांभळे डाग हिरवट-पिवळे होत मानेवरून पार गळपट्टीच्या हाडापर्यंत उतरतात. घाबरू नका, ते रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली जाऊन शोषलं जात असतं. जबड्याखाली वाटाण्याएवढ्या कडक गाठी लागतात, त्या आतल्या टाक्यांच्या आणि सुजेच्या असतात, काही आठवड्यांत विरघळतात. आणि याच दिवसांत, बहुधा चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, मन खचतं. भुलीचा थकवा, अपुरी झोप, घरात कोंडून राहणं आणि आरशातला अनोळखी चेहरा हे सगळं एकत्र येतं. अतिशय कणखर माणसं माझ्यासमोर रडली आहेत : “मी हे का करून घेतलं?” तुम्हालाही असं वाटू शकतं. वाटलं तर काहीतरी बिघडलंय असा अर्थ काढू नका, हे येतं आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत ओसरतं. ओसरलं नाही, झोप-जेवण उडालं, तर मला सांगा, त्यावर उपचार आहेत. रोज फोटो काढू नका. ज्या माणसापुढे तुम्ही मोकळेपणाने चिडू शकता अशा एखाद्या व्यक्तीला पहिला आठवडा सोबत ठेवा.

झोपताना पाठ आणि डोकं मिळून तीसेक अंश उंच हवं, दोन आठवडे, आणि उताणंच. इथे एक चूक सर्रास होते. लोक डोक्याखाली उशांवर उशा रचतात, त्याने हनुवटी छातीकडे वाकते आणि मानेच्या कातडीचा रक्तपुरवठा चिमटला जातो. उतार कमरेपासून हवा, मान सरळ. फोन बघतानाही मान खाली घालून तास-तास बसू नका. बाजूला बघायचं असेल तर खांद्यांसकट वळा. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चाला, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते गरजेचं आहे. जेवण मऊ, फार चावावं न लागणारं, मीठ जरा कमी. गोळ्यांनी बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

केस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सौम्य शॅम्पूने कोमट पाण्यात धुता येतात. कानापुढचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, कानामागचे आणि केसांतले दहा ते चौदा दिवसांत. दहा-बारा दिवसांत बहुतेक जण घरातून काम करतात. मान न दुखता वळू लागली आणि गुंगी आणणारी औषधं बंद झाली की गाडी चालवता येते. चारचौघांत मेकअप करून वावरायला दोन ते तीन आठवडे धरा. मोठा समारंभ असेल तर किमान दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवा, त्याहून जास्त असेल तर उत्तम. भरभर चालणं तिसऱ्या आठवड्यापासून, वजन उचलणं, धावणं, डोकं खाली जाणारी आसनं सहा आठवड्यांनंतर.

बधिरपणाबद्दल कुणी आधी बोलत नाही म्हणून सांगते. गाल, कानाचा भाग, हनुवटीखालची जागा काही आठवडे ते काही महिने बधिर राहते. कानाच्या पाळीचा बधिरपणा वर्षभरही लांबू शकतो. तिकडे जाणारा मज्जातंतू मानेच्या बाजूने अगदी वरवर जातो आणि या शस्त्रक्रियेत सर्वांत जास्त दुखावला जाणारा मज्जातंतू तोच आहे. बधिर जागेला चटका कळत नाही. हेअर ड्रायरची गरम हवा कानावर धरून फोड आलेले पेशंट मी बघितले आहेत. ड्रायर थंड हवेवर ठेवा, गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फ थेट गालाला लावू नका, जड कानातले थांबवा. पुरुषांनी काही आठवडे ब्लेडऐवजी विजेवरचा रेझर वापरावा. संवेदना परत येते तेव्हा खाज सुटते, मधूनच झिणझिण्या येतात, सुई टोचल्यासारखं होतं. ही चांगली खूण आहे.

सर्वांना भीती असते ती चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूची. भुवई न उचलणं किंवा खालचा ओठ एका बाजूला नीट न उतरणं असं तात्पुरतं काही जणांत दिसतं आणि बहुतेकदा आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून निघतं. कायमची इजा शंभरात एकाहून कमी जणांना होते. आकडा छोटा असला तरी ज्याला होते त्याच्यासाठी तो पूर्ण असतो, म्हणून सही करण्यापूर्वी हे वाक्य मी दोनदा वाचायला लावते. जंतुसंसर्ग क्वचित होतो, चेहऱ्याचा रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे. छेदाजवळचे केस काही वेळा गळतात, बहुधा परत येतात. कान टोचलेल्या जागी किंवा आधीच्या जखमेवर तुम्हाला कधी जाड, वाढत जाणारा व्रण आला असेल तर तो मला दाखवा. कानामागे तसं होऊ शकतं आणि त्यावर लवकर इंजेक्शन सुरू केलेलं बरं. साधे व्रण पहिले दोन-तीन महिने गुलाबी किंवा गडद दिसतात आणि वर्षभरात फिके पडतात. त्यांना ऊन लागू देऊ नका.

निकालाचा अंदाज तीन महिन्यांत येतो, पक्का निकाल सहा महिने ते वर्षाने. टिकण्याबद्दल सांगायचं तर बहुतेकांना सात ते दहा वर्षं फरक जाणवतो. आधी सैल पडते ती मान. पण घड्याळ थांबत नाही, तुमचा चेहरा पुढे वयानुसार बदलत राहणार. दहा वर्षांनी तुम्ही आजच्यासारख्या दिसाल कदाचित, पण शस्त्रक्रिया न करता जशा दिसला असता त्यापेक्षा बऱ्या दिसाल. ऊन, तंबाखू आणि वजनातले चढउतार टाळले तर यात आणखी भर पडते.

काही जणांना मी नाही म्हणते. नुकताच घटस्फोट झालाय, घरात मृत्यू झालाय, नोकरी गेलीय, अशा काळात तारीख देत नाही, सहा महिन्यांनी या म्हणते. जोडीदाराच्या आग्रहाखातर आलेल्यांनाही. आणि इतरांना न दिसणाऱ्या एखाद्या दोषात जे तासन्‌तास अडकलेले असतात, त्यांना शस्त्रक्रियेने आराम पडत नाही, त्रास वाढतो. त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, आणि त्यातले काही जण पुढे येऊन आभार मानून गेले आहेत.

सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आहे का, हे आधी बघा. मग त्यांनी केलेल्या कामाचे वर्षभरानंतरचे फोटो मागा, केस मागे बांधलेले, बाजूने काढलेले, कान दिसणारे. समोरून हसणारा फोटो फार काही सांगत नाही. कानाची पाळी गालाला चिकटून खाली खेचलेली आहे का, कानापुढचा उंचवटा सपाट झालाय का, केसांची कड मागे सरकलीय का, ते बघा. किती जणांना रक्त साठून परत थिएटरमध्ये न्यावं लागलं, ते विचारा. ‘एकालाही नाही’ असं उत्तर आलं तर त्यांनी फार कमी शस्त्रक्रिया केल्या असतील किंवा ते खरं सांगत नसतील. भूलतज्ज्ञ पूर्णवेळ हजर असतात का, आणि पहिल्या रात्री दोन वाजता फोन केला तर तो कोण उचलेल, हेही विचारा. जिथे या प्रश्नांचा राग येतो तिथून निघा.

तुमच्या बाबतीत, लिहिलंय त्यावरून, मानेच्या मधल्या छेदासह पूर्ण फेसलिफ्टचा विचार करावा लागेल असं वाटतं. पक्कं मी हाताने तपासल्यावरच सांगू शकेन. पहिल्या भेटीला येताना मेकअप नको. तिशीतले आणि चाळिशीतले दोन-तीन फोटो आणा, एक तरी बाजूने काढलेला. गेल्या महिन्यातल्या रक्तदाबाच्या नोंदी, सगळ्या गोळ्यांची यादी, पूर्वी चेहऱ्यावर काही केलं असेल तर त्याची माहिती. आणि पहिल्या आठवड्यात जी व्यक्ती तुमच्यासोबत राहणार आहे, तिलाही घेऊन या. रात्री कोणत्या लक्षणावर फोन करायचा ते मला तिलाही समजावून सांगायचं असतं.